वाट शोधण्याचे काम कोणाचे?

केसपेपरच्या खिडकीसमोर रांग लागलेली असते. आतला कारकून रुग्णाचे नाव टाइप करतो, एंटर दाबतो आणि पडद्यावर ते छोटे वर्तुळ फिरत राहते. महिन्यापूर्वी हेच काम दोन सेकंदांत होत होते. सर्व्हर स्लो आहे, ही बातमी रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते आणि तिथेच थांबते. ताप आहे, असे म्हणण्यासारखेच हे निदान. खरे असते, पण त्यावरून औषध लिहिता येत नाही.

तापामागचे कारण शोधता येते, तसेच या मंदपणामागचेही शोधता येते. बहुतेक वेळा ते एखाद्या क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या एखाद्या प्रश्नात सापडते आणि पुष्कळदा सगळी प्रणाली न बदलता, नवे यंत्र न आणता बरेही करता येते. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. ती शक्य झाली एडगर फ्रँक कॉड या इंग्रज गणितज्ञामुळे. गंमत अशी की, त्यांच्या कल्पनेवर पहिला आणि सर्वात मोठा आक्षेप होता तो हाच, की ती भयंकर मंद चालेल.

कॉड यांचा जन्म ऑगस्ट १९२३ मधला, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंड बेटावरचा. सात भावंडांत ते सर्वात धाकटे. वडिलांचा चामड्याचा व्यवसाय, आई शिक्षिका. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात त्यांनी गणित आणि रसायनशास्त्र घेतले. मध्येच दुसरे महायुद्ध आले. विद्यार्थी म्हणून त्यांना युद्धातून सवलत मिळू शकत होती, पण ते स्वेच्छेने हवाई दलात गेले आणि किनारा संरक्षण विभागात संडरलँड जातीची विमाने चालवू लागले. समुद्रावर तासन्‌तास गस्त घालणारी, पाण्यावरच उतरणारी ही अवजड चार इंजिनांची विमाने. त्यात वैमानिक वेगळा असे आणि नकाशे पसरून दिशा काढणारा नॅव्हिगेटर वेगळा. ही कामाची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढे तिचा संबंध येणार आहे.

युद्धानंतर पदवी पुरी करून १९४८ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. तिथली पहिली नोकरी मेसीज या मोठ्या दुकानात पुरुषांचे खेळाचे कपडे विकण्याची. मग काही महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवले आणि १९४९ मध्ये आयबीएममध्ये गणिती प्रोग्रॅमर म्हणून लागले. निर्वात नळ्या आणि रिले यांवर चालणारे, एक मोठे दालन व्यापणारे कंपनीचे यंत्र रस्त्यावरच्या लोकांना काचेतून दिसत असे. त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत कॉड होते. १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी चालवलेल्या कम्युनिस्ट-शोधाच्या वातावरणाला वैतागून त्यांनी अमेरिका सोडली आणि कॅनडात ओटावाला गेले. चार वर्षांनी परतले ते पुन्हा आयबीएममध्येच. तिथे स्ट्रेच नावाच्या महासंगणकावर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम कसे चालवावेत, हे काम त्यांच्याकडे आले. एक प्रोग्रॅम टेपची वाट पाहत असेल तर मधल्या वेळात यंत्राने दुसऱ्याचे काम करावे, ही त्यातली मूळ कल्पना. संगणकाचा किती वेळ नुसता वाट पाहण्यात जातो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले.

चाळिशीच्या उंबरठ्यावर ते पुन्हा विद्यार्थी झाले. मिशिगन विद्यापीठात, अॅन आर्बरला, १९६५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय होता स्वतःची प्रत स्वतः तयार करणारी यंत्रे. जॉन फॉन नॉयमान यांनी कागदावर असे यंत्र कल्पिले होते. त्याच्या प्रत्येक पेशीला २९ अवस्था लागत. कॉड यांनी तेच आठ अवस्थांत करून दाखवले. गुंतागुंत कमी करून तेवढेच काम साधायचे, हा त्यांचा स्वभाव इथेच दिसतो.

त्यानंतर ते कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेले. चुंबकीय डिस्क जन्मली ती याच गावात, १९५६ मध्ये. तोवर माहिती टेपवर असे आणि टेप सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावी लागे. डिस्कमुळे हव्या त्या जागी थेट उडी मारता येऊ लागली. पण उडी मारायची तर कुठे, हे आधी ठाऊक हवे. कुठे, कशी आणि कोणत्या क्रमाने उडी मारायची हे सगळे प्रोग्रॅमरने लिहायचे, अशी रीत पडली.

त्या काळची आयबीएमची मोठी डेटाबेस प्रणाली आयएमएस. अपोलो चांद्रमोहिमेतल्या अवाढव्य यानाच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला ती तयार झाली होती. माहिती तीत झाडासारखी रचलेली असे: मोठ्या भागाखाली छोटे भाग, त्यांच्याखाली आणखी छोटे. रुग्णालयाच्या भाषेत सांगायचे तर विभागाखाली वॉर्ड, वॉर्डाखाली रुग्ण, रुग्णाखाली औषधे. अमुक वॉर्डातल्या अमुक रुग्णाला काय दिले, असे विचारले तर उत्तर झटकन येते, कारण झाड त्याच प्रश्नासाठी लावलेले असते. पण एखाद्या औषधाच्या एका बॅचमध्ये दोष निघाला आणि ती कोणकोणत्या रुग्णांना दिली गेली, असे विचारायचे झाले तर प्रत्येक विभागाच्या प्रत्येक वॉर्डातला प्रत्येक रुग्ण तपासत फिरावे लागे. त्यासाठी नवा प्रोग्रॅम लिहायचा. तो लिहायला आठवडे लागले तरी कोणाला नवल वाटत नसे. प्रश्नाचा मंदपणा नुसता यंत्रात नव्हता, तो माणसांच्या कामातही मुरलेला होता.

कॉड यांनी या दुखण्याचे निदान केले. १९६९ मध्ये कंपनीअंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये संगणकशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्यात त्यांनी प्रोग्रॅमांना जडलेली तीन परावलंबने दाखवली. पहिले, माहिती ज्या क्रमाने साठवली त्या क्रमावरचे. दुसरे इंडेक्सवरचे, इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, कोणता शब्द कोणत्या पानावर हे सांगणारी. तिसरे, माहितीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरचे. यातले काहीही बदलले की त्यावर विसंबून लिहिलेले प्रोग्रॅम मोडण्याची भीती. म्हणजे काम मंद चालते म्हणून एखादी सूची नव्याने केली, किंवा निरुपयोगी म्हणून काढून टाकली, तर भलतेच काही बंद पडायचे. आजार ठाऊक आहे, पण औषध दिले तर दुसरे अवयव निकामी होतील, अशी ही अवस्था.

त्यावरचा त्यांचा उपाय दिसायला अगदी साधा होता. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची. रुग्णांचा एक तक्ता, औषधांचा एक, कोणाला काय दिले याचा एक. एका तक्त्यातून दुसऱ्याकडे नेणारे धागेदोरे ठेवायचे नाहीत. दोन्हीकडे लिहिलेला केसपेपर क्रमांक हाच दुवा. गणितात अशा तक्त्याला रिलेशन म्हणतात, म्हणून या मांडणीचे नाव रिलेशनल. तक्त्यांमधल्या नात्यांवरून हे नाव पडले असे बहुतेकांना वाटते, पण तसे नाही. या तक्त्यांना प्रश्न विचारायचा तो फक्त काय हवे एवढाच. कुठून सुरुवात करायची, कोणती सूची उघडायची, आधी काय वाचायचे, ते प्रश्नात लिहायचेच नाही. वाट शोधणे यंत्राचे काम.

आज हे इतके सरळ वाटते की त्यावरून भांडण का झाले असेल, ते कळत नाही. भांडण झाले ते दोन कारणांनी. कॉड यांची भाषा कडक गणिती होती, व्यवहारात डेटाबेस चालवणाऱ्यांना ती परकी वाटे. दुसरे कारण अधिक वजनदार. अनुभवी प्रोग्रॅमर हाताने आखतो ती वाट यंत्र आपसूक कशी काढेल? आणि काढली तरी ती किती लांबची असेल? आक्षेप हवेतला नव्हता. सत्तरच्या दशकातल्या चांगल्या डिस्कवर हव्या जागी पोहोचायलाच सरासरी ३० मिलिसेकंद लागत. योग्य सूचीतून चार उड्यांत उत्तर मिळाले तर एक अष्टमांश सेकंदही लागत नाही. चुकीच्या वाटेने १०,००० ठिकाणी उड्या मारल्या तर पाच मिनिटे. प्रश्न एकच, उत्तर एकच, फरक फक्त वाटेचा. शिवाय आयबीएमचा धंदा आयएमएसवर चांगला चालला होता. आपल्याच घरातल्या माणसाने चालत्या दुकानाला जुनाट ठरवावे, हे कोणत्याही कंपनीला रुचणारे नव्हते.

विरुद्ध पक्षाचे सर्वात मोठे नाव चार्ल्स बाकमन. जाळ्यासारख्या रचनेच्या डेटाबेसचे ते जनक. १९७३ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा विषय होता प्रोग्रॅमर हाच नॅव्हिगेटर. माहितीच्या समुद्रातून दिशा काढत जाणारा कुशल माणूस, हे चित्र त्यांना अभिमानाचे वाटत होते. इकडे कॉड हे खरोखरचे वैमानिक. नॅव्हिगेशनला किती श्रम पडतात आणि चूक केवढ्याला पडते, ते त्यांनी समुद्रावर पाहिलेले. १९७४ मध्ये अॅन आर्बरला दोघांची जाहीर चर्चा झाली. संगणकशास्त्राच्या इतिहासात ती गाजली, पण वाद तिथे मिटला नाही. तो मिटायला कोणीतरी प्रणाली बांधून, चालवून, वेळ मोजून दाखवायला हवी होती.

ती दोन ठिकाणी बांधली गेली. बर्कलेला मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी इंग्रेस उभी केली आणि सॅन होजेच्याच प्रयोगशाळेत आयबीएमच्या तरुण संशोधकांनी सिस्टिम आर. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारायची, साध्या इंग्रजीच्या जवळ जाणारी भाषा तयार केली. आज ती एसक्यूएल म्हणून ओळखली जाते. बॉइस १९७४ मध्येच, ऐन तारुण्यात गेले. वाट शोधण्याचा जो भाग, ऑप्टिमायझर, त्याचे काम पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध या शाखेत आजही शिकवला जातो.

सेलिंजर यांच्या ऑप्टिमायझरची कामाची पद्धत कोणत्याही डॉक्टरला ओळखीची वाटेल. तो आधी शक्यता मांडतो, मग प्रत्येकीचा अंदाजे खर्च काढतो आणि सर्वात स्वस्त ती निवडतो. शक्यता थोड्या नसतात. पाच तक्ते जोडायचे तर त्यांचे क्रमच १२० होतात, दहा तक्ते असतील तर ३६ लाखांवर. सगळ्या तपासत बसलो तर विचारातच दिवस जाईल, म्हणून दोन तक्त्यांची उत्तम जोडी, तिच्यावर तिसरा, असे टप्प्याटप्प्याने चढत जायचे आणि महाग वाटा वाटेतच टाकून द्यायच्या. खर्च काढायला लागते आकडेवारी: तक्त्यात ओळी किती, त्या किती पानांवर पसरल्या आहेत, सूचीत वेगवेगळ्या नोंदी किती. आकडेवारी नसेल तर ठोकताळा. अमुक रकान्यात अमुक मूल्य, अशी अट असेल आणि काहीच माहीत नसेल, तर दहातली एक ओळ जुळेल असे धरून चालायचे. लॅब नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही निदान असेच होते, आणि बऱ्याचदा ते बरोबरही येते.

आजच्या मंद क्वेरीचे मूळ पुष्कळदा या अंदाजातच सापडते. ऑप्टिमायझरने गोळा केलेली आकडेवारी ५०० ओळींच्या काळातली असेल आणि तक्ता आता ५० लाखांचा झाला असेल, तर त्याला तो अजून लहानच वाटतो. लहान तक्ता पुन्हा पुन्हा पूर्ण वाचायला हरकत नाही असे समजून तो वाट आखतो आणि खिडकीवरचे वर्तुळ फिरत बसते. क्वेरी तीच, यंत्र तेच, फक्त रिपोर्ट जुना. सिस्टिम आरच्या मंडळींना हे आधीच माहीत होते. प्रत्येक नव्या नोंदीबरोबर आकडेवारी ताजी करत बसलो तर तोच अडथळा होईल, म्हणून त्यांनी ती वेगळ्या आज्ञेने, सवडीने ताजी करायची सोय ठेवली. सवड काढायची राहून जाते, हे मात्र कोणत्याही शास्त्राच्या हातात नसते.

म्हणून निदान करणारा आधी इतिहास विचारतो. कधीपासून? सगळेच मंद की एकच काम? दिवसभर की ठरावीक वेळी? मग मोजतो. दहा मिनिटे घेणारा रात्रीचा एक अहवाल डोळ्यांत भरतो, पण दोन सेकंदांची क्वेरी दिवसात दहा हजार वेळा चालत असेल तर ती यंत्राचे साडेपाच तास खाते. उपचार आधी तिला. त्यानंतर येतो एक्स-रे. बहुतेक डेटाबेसना विचारता येते की, या प्रश्नासाठी तू कोणती वाट धरलीस आणि प्रत्येक टप्प्यावर किती ओळींचा अंदाज होता. प्रत्यक्ष किती आल्या, तेही त्याच्याशेजारी मांडता येते. अंदाज दहाचा आणि आल्या दहा लाख, असे जिथे पहिल्यांदा दिसते तिथे बोट ठेवायचे. पुढचे सगळे बहुधा त्याचेच परिणाम असतात.

सर्वात जास्त सापडणारे कारण म्हणजे सूचीच नसणे. सूची ज्या रचनेत ठेवतात ती बी-ट्री रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोइंगच्या प्रयोगशाळेत तयार केली. तिच्या एका पानावर काही शे नोंदी मावतात, म्हणून कोटभर ओळींमधली एक ओळ तीन-चार पाने उलटून सापडते. पण सूची असूनही उपयोग होत नाही, असेही घडते. भरतीच्या तारखेवर सूची आहे आणि प्रश्नात प्रत्येक तारखेतून वर्ष वेगळे काढून मग तुलना केली आहे, तर सूची बाजूला पडते. कारण ती तारखांची आहे, वर्षांची नाही. तोच प्रश्न १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असा विचारला की ती लगेच कामी येते. आजाराच्या नावावर सूची असली तरी धनुर्वाताचे रुग्ण शोधायला ती उत्तम, सर्दीचे शोधायला कुचकामी. दर तिसरा रुग्ण सर्दीचा असेल तर सूचीतून एकेकाकडे जाण्यापेक्षा सगळे रजिस्टर वाचणेच स्वस्त. अशा वेळी ऑप्टिमायझर सूचीकडे बघत नाही, तेव्हा तो चुकलेला नसतो.

मग सरसकट सगळ्यांवर सूच्या का लावू नयेत? प्रत्येक दुखण्याला प्रतिजैविक का देऊ नये, याच्यासारखाच हा प्रश्न. नवा रुग्ण भरती झाला की त्या तक्त्यावरची प्रत्येक सूची दुरुस्त करावी लागते. दहा सूच्या असतील तर एका नोंदीमागे दहा जादा नोंदी. वाचन वेगवान झाले, लेखन रखडले. कोणीतरी कधीतरी लावलेल्या आणि पुढे कोणीही न वापरलेल्या सूच्या कित्येक यंत्रणांत वर्षानुवर्षे तशाच असतात, जुन्या प्रिस्क्रिप्शनवरच्या गोळ्यांसारख्या. त्या काढता येतात, आणि काढल्या तरी एकही प्रश्न नव्याने लिहावा लागत नाही. कॉड यांच्या १९७० च्या निबंधाचा रोजच्या कामातला अर्थ एवढाच आहे.

सूचीचा एक विचित्र दुष्परिणाम सिस्टिम आरच्या मंडळींना हॅलोविनच्या दिवशी सापडला, म्हणून त्याला हॅलोविनचेच नाव आहे. २५,००० डॉलरपेक्षा कमी पगार असलेल्यांना दहा टक्के वाढ द्यायची, अशी क्वेरी होती. यंत्राने पगाराच्या सूचीतून वाट काढली. एकाला वाढ मिळाली की सूचीत तो पुढे सरके आणि थोड्या वेळाने यंत्राला तोच पुन्हा भेटे. असे करत शेवटी सगळ्यांचे पगार किमान २५,००० झाले. म्हणजे चुकीच्या वाटेने नुसता उशीर होत नाही, उत्तरही चुकू शकते. त्यानंतर ऑप्टिमायझरला ही काळजी घ्यायला शिकवण्यात आले.

कधी कधी क्वेरी आजारी नसतेच, ती नुसती रांगेत उभी असते. एकाने नोंद बदलायला घेतली की ती पुरी होईपर्यंत त्या नोंदीवर कुलूप असते, बाकीचे थांबतात. गर्दीच्या कुलपापाशी एकदा रांग लागली की मूळ कारण संपल्यावरही ती मोडत नाही, हे सिस्टिम आरवर काम करणाऱ्यांनीच पाहिले आणि त्याला काफिला असे नाव दिले. अशा वेळी सूच्या वाढवणे म्हणजे वाट पाहून थकलेल्या माणसाला टॉनिक पाजणे.

ही सगळी धडपड चालू असताना खुद्द कॉड काय करत होते? वेगाच्या कामात ते नव्हते. रॉन्देव्हू नावाचा वेगळाच प्रयोग त्यांनी हाती घेतला होता. माणसाने रोजच्या इंग्रजीत प्रश्न विचारायचा, यंत्राने न समजलेले उलट विचारून घ्यायचे आणि तुला हेच विचारायचे आहे ना, अशी खात्री करून मगच शोध घ्यायचा. रुग्णाची तक्रार ऐकताना डॉक्टर जे करतो तेच. त्या काळाच्या यंत्रांना ते पेलणारे नव्हते. पण यावरून दिसते, त्यांना ओढ होती ती प्रश्न विचारणाऱ्या माणसाची. यंत्राचा वेग इतरांनी मिळवून दिला. कॉड यांच्या नावाचा गौरव होताना सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उल्लेख राहून जातो, हे बरे नव्हे. त्यांच्या ऑप्टिमायझरशिवाय रिलेशनल मांडणी सुंदर, पण फक्त कागदावर राहिली असती.

सिस्टिम आरमध्ये वाट एकदाच ठरवून तिचा यंत्रभाषेतला प्रोग्रॅम तयार ठेवण्याची रेमंड लॉरी यांची कल्पना होती. तिच्यामुळे रोज येणाऱ्या ठरावीक प्रश्नांचा वेळ आणखी वाचला. १९७७ मध्ये विमानाची इंजिने बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने ही प्रणाली प्रत्यक्ष वापरायला घेतली. आयबीएमने मात्र बाजारात उतरायला वेळ लावला. प्रसिद्ध झालेले निबंध वाचून लॅरी एलिसन आणि त्यांच्या साथीदारांनी १९७९ मध्ये ओरॅकल विक्रीला आणले. आयबीएमचे पहिले रिलेशनल उत्पादन १९८१ चे, आणि मोठ्या यंत्रांसाठीचे डीबी२ त्यानंतर दोन वर्षांनी. १९८१ मध्येच कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. बाकमन यांच्यानंतर आठ वर्षांनी.

यश मिळाल्यावर माणूस मवाळ होतो म्हणतात, कॉड झाले नाहीत. त्यांच्या कल्पनेवर उभी राहिलेली एसक्यूएल त्यांना पुरती पटली नव्हती. एकच ओळ तक्त्यात दोनदा येऊ शकते, ही त्या भाषेतली ढिलाई त्यांना गणिताशी केलेली प्रतारणा वाटे. माहीत नाही आणि शून्य यांतला फरक यंत्राने काटेकोर पाळावा, यासाठी त्यांनी बरीच वर्षे खर्ची घातली. न मोजलेला रक्तदाब म्हणजे शून्य रक्तदाब नव्हे, हे डॉक्टरांना कोणी पटवून द्यावे लागत नाही. संगणकवाल्यांत मात्र त्यावर अजून वाद आहेत.

१९८४ मध्ये त्यांनी आयबीएम सोडली आणि पुढच्या वर्षी मित्र ख्रिस डेट यांच्याबरोबर सल्लागार संस्था काढली. तोवर रिलेशनल हा शब्द जाहिरातीत खपू लागला होता. जुन्याच प्रणालीला नवे लेबल लावून विकणारे निघाले. औषधाच्या दुकानात असे घडले की निरीक्षक येतो. इथे कॉड स्वतःच निरीक्षक झाले. १९८५ मध्ये कम्प्युटरवर्ल्ड साप्ताहिकात त्यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसचे बारा नियम दिले. ते शून्यापासून मोजलेले असल्यामुळे खरे तर तेरा आहेत. त्यातला आठवा नियम सांगतो की, साठवणीची रीत किंवा वाट बदलली तरी प्रोग्रॅमांना धक्का लागता कामा नये. पंधरा वर्षांपूर्वीचे निदान आता नियमाच्या रूपात आले होते. यातला प्रत्येक नियम पुरा पाळणारे उत्पादन बाजारात मिळणे कठीणच होते.

त्यांच्या चरित्रातला एक भाग मात्र खटकतो. १९९३ मध्ये मोठ्या माहितीच्या अनेक बाजूंनी केल्या जाणाऱ्या विश्लेषणाला त्यांनी ओलॅप असे नाव दिले आणि त्यासाठी लागणाऱ्या गुणांची यादी मांडली. ते लेखन आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीने पैसे देऊन करवून घेतले होते आणि यादी त्याच कंपनीच्या उत्पादनाला सोयीची होती. कम्प्युटरवर्ल्डने त्यावर छापलेला लेख मागे घेतला. औषध कंपनीच्या खर्चाने केलेल्या चाचणीकडे जसे सावधपणे पाहावे लागते, तसेच इथेही. इतरांच्या लेबलांवर कडक नजर ठेवणाऱ्या माणसाच्या हातून हे व्हावे, याचे वाईट वाटते. ओलॅप हे नाव मात्र टिकले आणि आजही रोज वापरात आहे.

त्यांचे पहिले लग्न १९७८ मध्ये संपले होते. १९९० मध्ये त्यांनी आयबीएममधल्याच गणितज्ञ शॅरन वाइनबर्ग यांच्याशी विवाह केला. शेवटची वर्षे फ्लोरिडात, समुद्राजवळ गेली. १८ एप्रिल २००३ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, हृदय निकामी होऊन तिथेच राहत्या घरी त्यांचे निधन झाले. तोपर्यंत बँकेच्या खातेपुस्तकापासून रुग्णालयाच्या केसपेपरपर्यंत जगातल्या बहुतेक नोंदी तक्त्यांत जाऊन बसल्या होत्या, आणि त्या मंद झाल्या की कारण शोधून दुरुस्त करणाऱ्यांचा एक वेगळा पेशाच तयार झाला होता.